60 मिनिटे, 26 प्रश्न

मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघे शिरपूरला नातेवाइकांकडे गेलो होतो. घर पिंजारी जमातीचे. आजोबांनी उमेदीच्या काळात धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजला. वडिलांचे गाद्या-उशांचे दुकान आहे. नात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची जेवणे झाली तरी ती खोलीतून बाहेर आली नाही. मग तिच्या अम्मीने सांगितले, की एका सल्लागार कंपनीच्या निवड चाचणीत ती पहिल्याच फेरीत बाद झाली आहे आणि दोन दिवस कोणाशी धड बोललेली नाही.

"भाभी, दहावी-बारावीला गणितात हिच्या पुढे कोणी नव्हते," अम्मी म्हणाली, "मग घोडे अडले कुठे?"

हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी हुशार असते, मार्कशीट चांगली असते, आणि तासाभराच्या एका चाचणीत सगळे थांबते. घरच्यांना वाटते, गाव लहान म्हणून डावलले. मुलाला वाटते, आपल्यात तेवढी बुद्धीच नाही. बहुतेक वेळा खरे कारण तिसरेच असते आणि त्यावर घरच्या घरी इलाज करता येतो. म्हणून हा लेख.

ही चाचणी आहे तरी काय?

सल्लागार कंपनी म्हणजे दुसऱ्या उद्योगांना सल्ला देणारी कंपनी. खर्च कुठे गळतो आहे, नवा कारखाना काढावा की जुनाच वाढवावा, माल कोणत्या बाजारात न्यावा, असे प्रश्न घेऊन मोठे उद्योग तिच्याकडे जातात. या क्षेत्रातली सर्वांत प्रसिद्ध कंपनी मॅकिन्झी. जेम्स मॅकिन्झी या प्राध्यापकाने ती 1926 मध्ये अमेरिकेत शिकागो येथे सुरू केली. उमेदवार निवडताना ही कंपनी अनेक वर्षे कागद-पेन्सिलीवर एक चाचणी घेत असे. 26 प्रश्न, 60 मिनिटे, कॅल्क्युलेटर नाही. प्रश्न एखाद्या उद्योगाच्या गोष्टीवर बेतलेले असत. सोबत तक्ते आणि आलेख, आणि उत्तरासाठी पर्याय. आता तिची जागा संगणकावरच्या खेळासारख्या चाचणीने घेतली आहे. त्यातल्या एका खेळात प्राणी आणि वनस्पतींची अशी साखळी जुळवायची असे, की कोणीही उपाशी मरता कामा नये. खेळ नवा दिसला तरी मागणी जुनीच आहे. माहिती भरपूर, वेळ थोडा, आणि निर्णय तुमचा.

शिरपूरच्या मुलांना ही मागणी अनेक रूपांत भेटते. येथे आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय 2001 पासून आहे. मुंबईच्या एनएमआयएमएस विद्यापीठाचे संकुलही येथेच आहे. कॅम्पस मुलाखतींच्या आधी जी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट होते ती याच साच्याची. टीसीएसची एनक्यूटी याच घराण्यातली. पदवीनंतर एमबीएसाठी कॅट दिली तर तिथेही 40 मिनिटांचे तीन विभाग असतात आणि एका विभागाची वेळ संपली की मागे वळता येत नाही. मोठ्या सल्लागार कंपन्या बहुधा मोजक्याच नामांकित संस्थांत उमेदवार शोधायला जातात, हे कटू असले तरी खरे आहे. पण जो मुलगा एक चाचणी नीट द्यायला शिकला, त्याची बाकीच्यांचीही निम्मी तयारी झालेली असते.

पाच क्विंटलची एक गाठ

आमच्यापैकी एकाने बरीच वर्षे स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नातीला ओसरीवर बसवले आणि एक गणित घातले. एका जिनिंगमध्ये दिवसाला 600 क्विंटल कापूस येतो. रुईचा उतारा 34 टक्के. एक गाठ 170 किलोची. तर दिवसाला गाठी किती? पर्याय चार : 60, 120, 204 आणि 350.

तिने वही उघडली. क्विंटलचे किलो केले, 60,000. त्याचे 34 टक्के काढले, 20,400. मग 170 ने भागाकार मांडला. रीत अगदी बरोबर होती. तेवढ्यात खाटेवर बसलेले आजोबा म्हणाले, "एकशे वीस."

"दादाजान, तुम्ही कसे केले?"

"त्यात करायचे काय? एका क्विंटलमागे 34 किलो रुई. पाच क्विंटल कापसाची एक गाठ. सहाशेत पाच किती वेळा जातात?"

आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. नात त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त गणित जाणते. पण आजोबांनी आधी आकड्यांकडे पाहिले, 34 ची पाचपट 170 होते हे ओळखले, आणि मगच हिशेब केला. नातीने पाहण्याआधीच हिशेब सुरू केला. या चाचण्यांत फरक पडतो तो इथे.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. नवे यंत्र आणले आणि उतारा 34 वरून 36 टक्के झाला, तर दिवसाला गाठी किती वाढतील? नात लगेच म्हणाली, "दोन टक्के वाढले, म्हणजे 120 चे दोन टक्के, दोन-अडीच गाठी." हे चुकले. वाढलेले दोन टक्के कापसाचे आहेत, रुईचे नव्हेत. 600 क्विंटलचे दोन टक्के म्हणजे 12 क्विंटल, म्हणजेच 1,200 किलो रुई जास्त. 170 ने भागले की सात गाठी. चाचणी काढणाऱ्याने पर्यायांत 2.4 हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो. घाईत असलेला उमेदवार तो पाहून खूश होतो आणि पुढे जातो.

शाळेची सवय इथे नडते

नातीने बाद झालेल्या चाचणीचा वृत्तान्त सांगितला. चौथा प्रश्न अवघड होता. तिने तो सोडला नाही. शेवटी सुटला, पण नऊ मिनिटे गेली. वेळ संपली तेव्हा शेवटचे आठ प्रश्न तिने वाचलेलेसुद्धा नव्हते. त्यांत सोपे किती होते, कोण जाणे.

60 मिनिटांत 26 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सुमारे 2 मिनिटे 18 सेकंद. नऊ मिनिटे म्हणजे चार प्रश्नांची वेळ. एका गुणासाठी चार गुणांची किंमत मोजली गेली.

यात तिचा दोष थोडा. दहा-बारा वर्षे शाळेने तिला सांगितले, की प्रश्न अर्धवट सोडू नका, सगळ्या पायऱ्या लिहा, क्रमाने सोडवा. बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. या चाचणीत पायऱ्या कोणी पाहत नाही. अवघड आणि सोप्या प्रश्नाला सारखाच गुण असतो. म्हणून कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे ठरवणे हाच इथला पहिला धडा आहे. चिकाटी हा चांगला गुण आहे, पण चाचणीच्या त्या तासात ती प्रश्नावर न लावता वेळेवर लावावी लागते.

आम्ही तिला तीन फेऱ्यांची पद्धत सांगितली. पहिल्या फेरीत वाचताच वाट दिसते तेवढेच प्रश्न सोडवावेत. दीड मिनिटात वाट दिसली नाही, तर खूण करून पुढे जावे. दुसऱ्या फेरीत खूण केलेल्यांपैकी जवळचे वाटतील ते घ्यावेत. तिसऱ्या फेरीत, शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, उरलेल्यांचा निकाल लावावा. ज्या चाचणीत मागे जाता येत नाही, तिथे फेऱ्या करता येणार नाहीत. तिथे प्रत्येक प्रश्नाला वेळेची मर्यादा ठरवून ती पाळावी लागते. म्हणून सूचनांचे पान नीट वाचावे.

अंदाजाने उत्तर द्यावे का? चुकीला गुण कापत नसतील, तर एकही प्रश्न कोरा सोडू नये. कापत असतील तर हिशेब करावा. समजा बरोबर उत्तराला 3 गुण आहेत, चुकीला 1 गुण कापतात आणि पर्याय चार आहेत. डोळे मिटून उत्तरे दिली, तर चार प्रश्नांत एक बरोबर येईल. 3 मिळतील आणि 3 जातील, हाती शून्य. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय नक्की चूक आहेत हे ओळखता आले, तर चारांत दोन बरोबर येतील. 6 मिळतील, 2 जातील आणि 4 गुण हाती राहतील. म्हणजे दोन पर्याय खोडता आले तर उत्तर द्यावे, एकही खोडता येत नसेल तर पुढे जावे.

माहीत असलेले आणि दिलेले

दुसरी अडचण वाचनाची. आम्ही तिला एक छोटा तक्ता दिला. एका गावात पहिल्या वर्षी कपाशीखाली 1,000 एकर होते आणि 6,000 क्विंटल कापूस झाला. दुसऱ्या वर्षी 800 एकर होते आणि 5,600 क्विंटल झाला. यावरून नक्की काय म्हणता येईल? एक, पाऊस कमी झाला. दोन, शेतकरी मक्याकडे वळले. तीन, एकरी उत्पादन वाढले.

नातीने दुसरे विधान निवडले. आपल्याकडे मका वाढला हे तिने डोळ्यांनी पाहिले आहे. पण तक्त्यात मक्याचे नावही नाही. तक्ता एवढेच सांगतो, की एकरी 6 क्विंटल होते ते 7 झाले. उत्तर तिसरे.

तुम्हाला जगाचे किती माहीत आहे, हे अशा प्रश्नात कोणी विचारत नाही. पुढे ठेवलेल्या कागदावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, एवढेच विचारलेले असते. आपल्या दीनमध्येही ऐकीव गोष्ट पडताळल्याशिवाय पुढे सांगू नये, अशी शिकवण आहे. तीच सावधगिरी इथे कामाला येते.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे आणखी एक अडचण येते. गणित येते, पण प्रश्नाची इंग्रजी भाषा वेळ खाते. 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'अ‍ॅट मोस्ट', 'मोअर दॅन' आणि 'नॉट लेस दॅन', 'ग्रॉस' आणि 'नेट', 'रिस्पेक्टिव्हली', 'पर कॅपिटा' असे शंभरेक शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यांची वेगळी वही करावी. रोज इंग्रजी वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावरचा एक आलेख घ्यावा आणि तो काय सांगतो हे दोन वाक्यांत घरात कोणाला तरी समजावून सांगावे. ऐकणाऱ्याला कळले, तर आपल्याला कळले.

आपल्या घरातला हिशेब

टक्केवारीची भीती घालवायला आपल्याकडे एक घरचा धडा आहे. जकात अडीच टक्के, हे लहान मुलालाही ठाऊक असते. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग. 7,20,000 रुपयांवर जकात किती? 40 ने भागा, 18,000. कागद लागत नाही. अडीच टक्के आले की दुप्पट करून पाच, चौपट करून दहा, आणि दहा व अडीच मिळवून साडेबारा, म्हणजे आठवा भाग. एवढ्या शिदोरीवर बहुतेक टक्के तोंडी निघतात.

दुसरा धडा वारसाहक्काचा. एक माणूस पत्नी, आई आणि एक मुलगा मागे ठेवून गेला. पत्नीचा आठवा हिस्सा, आईचा सहावा, बाकी मुलाचा. आठ आणि सहा या दोघांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या 24. पत्नीचे 3, आईचे 4, मुलाचे 17. मालमत्ता 12 लाखांची असेल तर एक वाटा 50,000 चा. पत्नीला दीड लाख, आईला दोन लाख, मुलाला साडेआठ लाख. प्रत्यक्ष वाटणीत आधी कर्ज आणि वसियत पाहावी लागते आणि आलिमांना विचारावे लागते. पण अपूर्णांकांच्या सरावासाठी याहून चांगले उदाहरण शोधायला लांब जायला नको.

हे आम्ही उगीच जोडत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरून 'अल्जिब्रा' हा शब्द जगभर गेला, आणि खुद्द लेखकाच्या नावावरून संगणकाच्या क्षेत्रातला 'अल्गोरिदम' हा शब्द आला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वसियत आणि वारसाच्या वाटणीवरच आहे. रोजच्या जगण्यातला प्रश्न घ्यायचा, तो नेमका मांडायचा आणि सोडवायचा, हे काम आपल्या पूर्वजांनी केलेले आहे. आपली मुले परक्याच्या अंगणात चाललेली नाहीत.

आठ आठवड्यांचा क्रम

नातीसाठी आम्ही जो क्रम आखला तो इथे देतो. कोणत्याही घरात चालेल.

पहिले दोन आठवडे घड्याळ लावायचे नाही. वीसपर्यंतचे पाढे, अपूर्णांकांचे टक्के, मोठ्या आकड्यांचा अंदाज. 4,893 भागिले 51 दिसले की 4,900 भागिले 50, म्हणजे 98 च्या आसपास, हे तोंडून निघाले पाहिजे. नेमके उत्तर 96 च्या जवळ आहे. पण पर्याय 76, 96, 116 आणि 136 असतील तर एवढा अंदाज पुरतो.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दहा-दहा प्रश्नांचे संच, प्रत्येक संच 23 मिनिटांत. खऱ्या चाचणीचा वेग साधारण हाच असतो. वेळ संपली की पेन खाली. "अजून एकच मिनिट" चालणार नाही.

शेवटचे तीन आठवडे आठवड्यातून दोन पूर्ण चाचण्या. अनेक कंपन्या आणि संस्था नमुना चाचण्या मोफत ठेवतात. आधी त्या संपवाव्यात, मग महागड्या क्लासचा विचार करावा.

प्रत्येक चाचणीनंतर चुकांची वही काढावी. तिच्यात तीन रकाने. येतच नव्हते, येत होते पण वाचण्यात चुकले, येत होते पण वेळ गेला. नातीच्या पहिल्या चाचणीत चुका आणि सुटलेले प्रश्न मिळून 14 झाले. त्यांपैकी पहिल्या रकान्यात फक्त तीन होते. ती वही पाहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी हसू आले. तिला कळले, की डोके ठीक आहे, सवय बदलायची आहे.

घराचा वाटा

आता थोडे अम्मी-अब्बूंसाठी. आजकाल बऱ्याच चाचण्या घरूनच द्याव्या लागतात. समोर कॅमेरा चालू असतो. मागून कोणी गेले किंवा आवाज आला तरी नोंद होऊ शकते. नातीची पहिली चाचणी चालू असताना घरात पाहुणे आले होते. दोनदा दार वाजले. कोणी मुद्दाम केले नाही, पण तो तास पुन्हा मिळाला नाही.

म्हणून चाचणीचा दिवस घराने आधी ठरवून घ्यावा. एक खोली, एक तास, दार बंद. लॅपटॉप आदल्या रात्री चार्ज केलेला, वीज गेली तर इंटरनेटसाठी दुसरा मोबाइल तयार. वेळ निवडता येत असेल तर नमाजच्या वेळेशी ताण होणार नाही अशी निवडावी आणि नमाज अदा करूनच बसावे. स्कार्फ घेणाऱ्या मुलींनी ओळखपत्रावरच्या फोटोत आणि त्या दिवशी चेहरा सारखाच दिसेल असे पाहावे. घरी जमत नसेल तर महाविद्यालयाच्या संगणक कक्षासाठी आधी विचारून ठेवावे.

सरावाचा तासही असाच राखावा. मुलगा अभ्यासाला बसला की घर आवाज कमी करते, आणि मुलगी बसली की तिला चहा टाकायला हाक मारतो, हे आपल्या घरांत होते. कबूल करायला हवे. या घरात अब्बूंनी सोपा तोडगा काढला. फज्रनंतरचा एक तास मुलीचा, त्या वेळेचा चहा ते स्वतः करतील. नोकरी पुण्या-मुंबईला लागली तर पाठवायचे की नाही, हे बोलणेही आधीच करून घ्यावे. दारात उत्तर माहीत नसेल तर मूल पाऊल टाकताना कचरते.

एक इशारा. उत्तरे पुरवतो, तुमच्या जागी चाचणी देतो, पैसे भरा नोकरी लावतो, असे सांगणारे लोक फिरत असतात. त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नये. फसवून मिळवलेल्या नोकरीची कमाई कशी असेल, हे आम्ही सांगायला नको.

कुरआनमध्ये 'अल-अस्र' ही छोटी सूरह आहे. तिची सुरुवात काळाच्या शपथेने होते. नमाजमध्ये आपण ती कितीदा तरी पढतो. दिवसातून पाच वेळा घड्याळ पाहून उठणाऱ्या माणसाला वेळेची किंमत नव्याने शिकवावी लागू नये.

दसऱ्याच्या सुमारास नातीने दुसऱ्या एका कंपनीची चाचणी दिली. चार प्रश्न मुद्दाम सोडून दिले, असे तिने फोनवर सांगितले तेव्हा तिच्या आवाजात अभिमान होता. ती पुढच्या फेरीसाठी निवडली गेली आहे. मुलाखत व्हायची आहे. ती होईल किंवा न होईल, निर्णय अल्लाहच्या हाती. मुलाखतीच्या तयारीसाठी ती रोज एक प्रश्न आजोबांना समजावून सांगते, आणि आजोबा खाटेवरून विचारतात, "हे तुला कागदावरून कळले, की तू आपल्या मनाने म्हणतेस?"